नागपूर, मुंबई, पॅरिस: रझांच्या वाटचालीतली मधली वर्षे

प्रश्न: मिरजकर_कलाशिक्षक

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारे आणि ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करणारे विद्यार्थी यांच्यासमोर मला पुढच्या महिन्यात एक व्याख्यान द्यायचे असून त्यासाठी मी सय्यद हैदर रझा यांची निवड केली आहे. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय चित्रकारांविषयी जे लिहिले जाते, त्यात एक उडी हमखास आढळते. एका वाक्यात चित्रकार जहाजात बसतो आणि पुढच्याच वाक्यात तो नावाजलेला असतो. रझांच्या बाबतीत ही उडी १९५० ते १९५६ या काळावरून मारली जाते. १९५० मध्ये ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा पुरस्कार, म्हणजे प्री द ला क्रितीक, मिळाला. मधल्या सहा वर्षांचा मात्र पत्ताच लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना नेमकी हीच सहा वर्षे ऐकायची आहेत. वर्गात चित्र काढायला शिकलेला माणूस अनोळखी देशात गॅलरीच्या भिंतीपर्यंत कसा पोहोचतो, तिथे त्याला कोण नेते, आणि नागपूर-मुंबईत मिळालेले शिक्षण त्याच्या कामी येते की ते त्याला विसरावे लागते, हे त्यांचे प्रश्न आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. रझांच्या चित्रांतला प्रसिद्ध बिंदू आणि त्यामागचे चिंतन यांवर भरपूर मजकूर उपलब्ध आहे, त्यामुळे तो विषय येथे बाजूला ठेवला तरी चालेल.

उत्तर: वैनगंगाकाठ

सर, पॅरिसचे उत्तर इतर सदस्य देतीलच. मी जहाजात बसण्यापूर्वीच्या अकरा वर्षांबद्दल लिहितो, कारण माझ्या मते त्या सहा वर्षांचा उलगडा येथूनच होतो.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला असल्यामुळे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलांत गेले. शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याची कथा आपल्या विनंतीला मान देऊन मी येथे सांगत नाही. नाहीतर रझांवरचा कोणताही लेख त्या ठिपक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. मंडला त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर, म्हणून कलाशिक्षणासाठी ते १९३९ मध्ये नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९४३ पर्यंत तेथे शिकले. त्या काळातल्या आपल्या कलाशाळांत ब्रिटिश पद्धतीचेच शिक्षण चाले: समोर दिसणाऱ्या वस्तूचे हुबेहूब रेखाटन, यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि पारदर्शक जलरंग. रझांचा हात या जलरंगात इतका तयार झाला की पुढची सात-आठ वर्षे त्यांची ओळख प्रामुख्याने जलरंगातल्या निसर्गचित्रांमुळेच होती.

१९४३ मध्ये ते मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील त्यांचे शिक्षण १९४७ पर्यंत चालले. परंतु मुंबईत पोट भरण्यासाठी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. छपाईसाठी ब्लॉक तयार करणाऱ्या त्या ठिकाणी दिवस घालवायचा आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची, असा तो क्रम होता. फ्लोरा फाउंटनच्या परिसरातले रस्ते, पाऊस, उंचावरून दिसणारी माणसांची गर्दी अशी त्यांची या काळातली मुंबईची चित्रे आहेत आणि त्यांत शहर पाणी पडून ओघळल्यासारखे दिसते. १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, त्याच सुमारास सोसायटीचे रौप्यपदक मिळाले आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक मिळाले.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रझा पॅरिसला जाऊन स्थलांतरित होण्याच्या आधी मुंबईत त्यांना घडवणारी काही माणसे स्वतःच निर्वासित होती. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले तिघे जण येथे विशेष उल्लेखनीय आहेत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आपल्या घरी तरुण चित्रकारांना जमवून युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती दाखवत आणि त्यांच्या कामावर बोलत. त्याच वृत्तपत्रात रुडॉल्फ फॉन लायडेन समीक्षा लिहीत. औषधांच्या व्यवसायात असलेले इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. शिकवणारा, लिहिणारा आणि पैसे मोजणारा असे तिघे एका शहरात एका वेळी असल्यामुळेच सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहा जणांचा १९४७ मध्ये स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तग धरू शकला, असे माझे मत आहे. जे.जे.मधल्या अभ्यासक्रमाला या चर्चांची जागा घेता आली नसती.

त्या वेळी मुंबईत आजच्या अर्थाने गॅलरी नव्हतीच, हेही लक्षात घ्यावे. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये, आणि केमोल्ड व पंडोल या खासगी गॅलऱ्या सुरू व्हायला १९६३ उजाडले. प्रदर्शन म्हणजे सोसायटीचे दालन काही दिवसांसाठी घेणे, पदक मिळणे आणि ओळखीतल्या चार-दोन लोकांनी चित्र नेणे. चित्रकाराच्या कामाची सलग जबाबदारी घेणारी व्यवस्था येथे नसल्यामुळे, सुवर्णपदक मिळाल्यावर पुढे करायचे काय, हा प्रश्न अगदी व्यवहारातला होता.

त्यात फाळणी झाली. १९४७-४८ मध्ये आई आणि पाठोपाठ वडील वारले, भावंडे पाकिस्तानात गेली, आणि रझा मात्र येथेच राहिले. पुढे साठ वर्षे फ्रान्समध्ये काढूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही, यामागे त्या निर्णयाचा काही भाग असावा.

उत्तर: सेन_नदीकाठी

वैनगंगाकाठ यांनी पाया चांगला घातला आहे. मी १९४८ पासून पुढे जातो.

त्या वर्षी रझा काश्मीरला गेले आणि तेथे त्यांची गाठ छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. ब्रेसाँ यांनी रझांची चित्रे पाहून त्यांच्या प्रतिभेचे कौतुक केले, पण चित्रांत रचनेचा अभाव आहे, इमारतीला जसा सांगाडा लागतो तसा तो चित्रालाही लागतो, आणि त्यासाठी फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असे स्पष्ट सांगितले. जलरंगावर पदके मिळवणाऱ्या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला हे ऐकणे सोपे गेले नसणार. रझांनी त्याचे काय केले, ते महत्त्वाचे आहे: मुंबईला परतल्यावर त्यांनी आल्यांस फ्रांसेझमध्ये फ्रेंच भाषा शिकायला सुरुवात केली. पॅरिसला जायचे तर तेथील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता आले पाहिजे, ही तयारी शिष्यवृत्ती मिळण्याच्या आधीची आहे. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ऑक्टोबर १९५० मध्ये ते जहाजाने मार्सेयला निघाले.

१९५० ते १९५३ या काळात ते पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेचे विद्यार्थी होते. नागपूर आणि मुंबई मिळून जवळजवळ आठ वर्षे शिकलेला, एकल प्रदर्शन झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. परंतु कलाशाळेने त्यांना वर्गाबाहेर जे दिले ते अधिक मोलाचे होते. विद्यार्थी असल्यामुळे शहरात राहण्याला आधार मिळाला, बरोबरीच्या चित्रकारांशी ओळखी झाल्या, आणि संग्रहालये पायी जाण्याच्या अंतरावर होती. मुंबईत लँगहॅमर यांच्या घरी पुस्तकांत पाहिलेली चित्रे आता प्रत्यक्ष आकारात समोर होती. सेझानच्या चित्रात रंगाचा एक पट्टा दुसऱ्या पट्ट्याला कसा टेकतो, हे छापील प्रतिकृतीत कळत नाही. पुढे ज्यांच्याशी त्यांचे लग्न झाले त्या जानीन मोंजिला हीसुद्धा याच शाळेतली ओळख.

चित्रांत झालेला बदल वर्षागणिक दाखवता येतो आणि व्याख्यानात तो जरूर दाखवावा. १९५१-५२ मधली चित्रे गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंगातली आहेत. दक्षिण फ्रान्समधली टेकडीवरची गावे, तीक्ष्ण कडांची, दारे-खिडक्या मोजून बसवलेली घरे, वर काळा सूर्य, आणि चित्रात एकही माणूस नाही. ‘ओ द कान्य’ हे १९५१ चे चित्र त्याचा उत्तम नमुना आहे. मुंबईच्या चित्रांतला ओलावा आणि गर्दी यांना येथे पूर्ण रजा दिलेली आहे. जणू ब्रेसाँ यांचा आक्षेप त्यांनी शब्दशः पाळला आणि नुसता सांगाडाच शिल्लक ठेवला. व्यक्तिशः मला ही चित्रे थोडी थंड वाटतात, परंतु त्यांच्याशिवाय पुढचा टप्पा आला नसता. १९५३ च्या आसपास ते तैलरंगाकडे वळले, रंग जाड थरांत, सुरीने लावू लागले, आणि तीच गावे, तेच चर्च, तीच झाडे आता रंगाच्या वजनाने उभी राहू लागली. मुंबईतली ऊब परत आली, पण रचनेला धरून आली. म्हणजे आधीचे शिक्षण विसरावे लागले का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर चित्रांतच आहे: ते काही काळ बाजूला ठेवावे लागले, आणि नंतर वेगळ्या माध्यमात ते कामी आले.

आता गॅलरीविषयी. १९५२ मध्ये गॅलरी सँ-प्लासिदमध्ये रझा, सूझा आणि अकबर पदमसी या तिघांचे एकत्र प्रदर्शन झाले. या गॅलरीचे महत्त्व असे की समीक्षकांच्या पुरस्काराचा संबंध याच जागेशी होता; १९४८ मध्ये बर्नार ब्युफे आणि बर्नार लोर्झू या फ्रेंच चित्रकारांना तो विभागून मिळाला तेव्हा ब्युफे अवघे वीस वर्षांचे होते आणि त्या पुरस्काराने त्यांचे नाव रातोरात झाले. त्या भिंतीवर १९५२ मध्ये लागलेली चित्रे ज्यांनी पाहायला हवीत त्यांच्या नजरेखालून गेली असणार, असा तर्क करायला हरकत नाही. त्यानंतर १९५५ मध्ये रू द सेन या रस्त्यावर लारा व्हॅन्सी यांनी गॅलरी उघडली आणि जवळजवळ आरंभापासून रझांचे काम तेथे दिसू लागले. तो रस्ता एकोल दे बोझारपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पॅरिसमधला तो सगळा व्यवहार, म्हणजे शाळा, कॅफे, रंगांची दुकाने आणि गॅलऱ्या, एका छोट्या भागात एकवटलेला होता, आणि फ्रेंच बोलता येणारा माणूस त्यात रोज वावरू शकत होता.

१९५६ मध्ये प्री द ला क्रितीक मिळाला आणि तो मिळवणारे रझा हे पहिले अ-फ्रेंच चित्रकार ठरले. क्रम मात्र नीट पाहावा. गॅलरीने त्यांना जवळ केले ते पुरस्काराच्या आधी. नव्याने सुरू झालेल्या गॅलरीला नवे चित्रकार हवे होते, आणि पाच वर्षे शहरात टिकून राहिलेल्या चित्रकाराला गॅलरी हवी होती. पुरस्काराने ही निवड पक्की केली, १९५८ मध्ये लारा व्हॅन्सी येथे एकल प्रदर्शन झाले, आणि रझांचे त्या गॅलरीशी असलेले नाते १९७१ पर्यंत टिकले. समीक्षक झाक लासेन्य यांच्यासारख्यांनी त्यांच्यावर लिहिले. पॅरिसमध्ये तेव्हा जगभरातून आलेले चित्रकार हजारोंनी असावेत. त्यांतल्या कितींना पंधरा-सोळा वर्षे एका गॅलरीची साथ मिळाली असेल?

उत्तर: साळगावचा_पाव

वरील दोन्ही उत्तरे मार्मिक आहेत. परंतु व्याख्यानात रझा एकटे ठेवले, तर विद्यार्थ्यांचा असा समज होईल की शिष्यवृत्ती, कलाशाळा, पुरस्कार आणि गॅलरी हा एकच राजमार्ग आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची वाट शेजारी ठेवून पाहावी, कारण ती जवळजवळ प्रत्येक वळणावर उलटी आहे.

सूझा आमच्या गोव्यातल्या साळगावचे, जन्म १९२४ चा. ते तान्हे असतानाच वडील वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढवले. शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले आणि १९४५ मध्ये जे.जे.मधूनही, तेथे मात्र राजकीय कारणाने. १९४९ मध्ये त्यांच्या नग्न चित्रांवरून मुंबईत पोलिसांपर्यंत तक्रारी गेल्या आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. तेथे शिष्यवृत्ती नाही, शाळा नाही, आणि पहिली पाच-सहा वर्षे पत्नी मारिया यांच्या कमाईवर घर चालले. १९५१ मध्ये भारताचे तेव्हाचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने इंडिया हाउसमध्ये, म्हणजे तेथील भारतीय उच्चायोगात, प्रदर्शन झाले, पण त्याने फारसे काही बदलले नाही.

दार उघडले ते लेखनाने. कवी स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या ‘एन्काउंटर’ मासिकात १९५५ मध्ये सूझांचा आत्मकथनपर लेख छापून आला. गोव्यातले बालपण, देवी, चर्च, शरीर, भीती हे सगळे त्यांनी अशा धारदार इंग्रजीत लिहिले होते की लंडनच्या साहित्यिक वर्तुळाला हा माणूस कोण आहे, हे विचारावेसे वाटले. त्याच वर्षी व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि सगळी चित्रे विकली गेली. मसग्रेव्ह स्वतः कवी होते, आणि त्यांच्या पत्नी, छायाचित्रकार आयडा कार, या मूळच्या आर्मेनियन, म्हणजे त्याही लंडनमध्ये बाहेरून आलेल्याच. समीक्षक जॉन बर्जर यांनी प्रदर्शनाची दखल घेतली ती गोंधळ लपवून न ठेवता: हा चित्रकार अनेक परंपरांवर पाय ठेवून उभा आहे, पण बांधील कोणालाच नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. १९५६ मध्ये हॅरोल्ड कोव्हनर या अमेरिकन संग्राहकाशी गाठ पडली आणि पुढची चार वर्षे ठरावीक चित्रांच्या मोबदल्यात त्यांच्याकडून नियमित पैसे मिळत राहिले. ‘क्रुसिफिक्शन’ हे १९५९ चे चित्र, जे आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, याच निश्चिंत काळातले आहे.

कोव्हनर यांचा आधार १९६० मध्ये संपला. १९६७ मध्ये सूझा न्यूयॉर्कला गेले, आणि लंडनमध्ये मिळाले तसे यश त्यांना तेथे पुन्हा मिळाले नाही. एका शहरात मिळवलेली पत दुसऱ्या शहरात आपोआप चालत नाही. स्थलांतरिताला ती दुसऱ्यांदा उभी करावी लागते. रझा एकाच शहरात राहिले, हा फरक मला चित्रशैलीच्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

मिरजकर_कलाशिक्षक

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. सूझांची बाजू जोडण्याची सूचना मी स्वीकारतो. आता एक अडचणीचा प्रश्न. रझा म्हटले की विद्यार्थ्यांना फक्त लिलावातले कोटींचे आकडे ठाऊक असतात. गॅलरीचे यश आणि हे आकडे यांचा संबंध त्यांना कसा समजावून सांगावा?

उत्तर: सेन_नदीकाठी

सर, संबंध आहे, पण तो विद्यार्थ्यांना वाटतो तसा थेट नाही.

गॅलरी चित्र पहिल्यांदा विकते आणि त्या किमतीतला ठरलेला वाटा चित्रकाराला देते. गॅलरीचा हिस्सा सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास असतो. त्या बदल्यात जागा, निमंत्रणे, समीक्षकांशी संपर्क, संग्राहकांची यादी आणि चित्र न विकले गेलेल्या महिन्यांतला धीर या गोष्टी गॅलरी पुरवते. लिलावात चित्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकले जाते आणि पैसा जातो तो त्या वेळच्या मालकाला. ‘सौराष्ट्र’ हे १९८३ चे चित्र जून २०१० मध्ये लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे साडेसोळा कोटी रुपयांना गेले, तेव्हा रझा ८८ वर्षांचे होते. ‘जेस्टेशन’ हे १९८९ चे चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत पंडोलच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेले, तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५३ अ कलमात पुनर्विक्रीच्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. कलाशिक्षणात हा भाग कोणी शिकवत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ज्या चित्रांना हे भाव आले ती दोन्ही चित्रे १९८० च्या दशकातली आहेत, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या यशाच्या बऱ्याच नंतरची. १९६२ मध्ये रझा अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पाहुणे अध्यापक म्हणून गेले, तेथे अमूर्त चित्रकार रॉथको आणि इतरांची चित्रे पाहून त्यांच्या चित्रातली गावे विरघळू लागली, तैलरंगाऐवजी ॲक्रिलिक आले, आणि १९७० च्या दशकात त्यांच्या भारतातल्या फेऱ्या वाढल्या. १९७८ मध्ये मध्य प्रदेश कला परिषदेने त्यांना भोपाळला सन्मानाने बोलावले, तेव्हा बालपणीच्या प्रदेशाशी त्यांचे नाते पुन्हा जुळले. यानंतरच्या चित्रांत देवनागरी अक्षरे, लघुचित्रांसारखे चौकटीतले विभाग आणि हळदी, शेंदरी, निळे रंग येतात. ही चित्रे पॅरिसमध्ये रंगवली जात होती, परंतु त्यांचा ग्राहक वाढला तो मुंबई-दिल्लीत, आणि १९९० नंतर भारतीय उद्योजक व अनिवासी भारतीय चित्रे घेऊ लागल्यावर तर झपाट्याने वाढला.

माझे मत असे आहे की रझांना गॅलरीचे यश दोनदा मिळाले. पहिले फ्रान्सने दिले आणि ते १९७० च्या सुमारास मंदावले. दुसरे मायदेशाने दिले आणि ते कोटींत गेले. पहिल्याशिवाय दुसरे मिळाले असते का, हे सांगता येत नाही, पण पॅरिसमध्ये राहणारा भारतीय चित्रकार ही त्यांची प्रतिमा दुसऱ्या यशात निश्चितच उपयोगी पडली. त्या भावांची एक काळी बाजूही आहे. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीने भरवलेल्या आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला रझा गेले आणि तेथे लावलेली बहुतेक चित्रे बनावट असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले.

उत्तर: हर्णे_बंदर

उशिराने लिहितो आहे. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ज्यांना हे यश मिळाले नाही किंवा टिकले नाही त्यांचा उल्लेख झाल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी शिल्पकार सदानंद बाकरे हेही १९५१ मध्ये लंडनला गेले. शिल्प आणि चित्र दोन्हींवर हुकमत, जे.जे.चे पक्के शिक्षण, सूझांच्याच शहरात वास्तव्य, प्रदर्शनेही झाली. तरीही मिळेल ते काम करून त्यांना उदरनिर्वाह करावा लागला. १९७५ मध्ये ते परतले आणि आमच्या मुरुड-हर्णे परिसरात राहिले. कलाजगताशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला होता. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रझा आणि सूझा यांच्या चित्रांच्या किमती वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येत होत्या. बाकरे यांना मासिकात लेख लिहिता आला नाही, त्यांना कोव्हनर भेटले नाहीत, आणि शिल्पाला जागा, साहित्य व खर्च चित्रापेक्षा कितीतरी अधिक लागतो. गुणवत्ता कमी पडली, असे त्यांचे काम पाहून म्हणता येत नाही.

मोहन सामंत यांचेही उदाहरण घ्यावे. गोरेगावचे सामंत १९५२ मध्ये जे.जे.मधून उत्तीर्ण झाले, तिथल्या पळशीकर मास्तरांच्या तालमीत तयार झाले, इटलीची शिष्यवृत्ती घेऊन रोमला गेले आणि १९५९ ते १९६४ रॉकफेलर अनुदानावर न्यूयॉर्कमध्ये राहिले. त्यांना तेथे गॅलरी मिळाली, नाव मिळाले; १९६८ पासून ते कायमचे न्यूयॉर्ककर झाले, सारंगी वाजवत राहिले आणि २००४ पर्यंत शेवटपर्यंत रंगवत राहिले. पण भारतातल्या बाजाराने त्यांची दखल घेतली ती फार उशिरा. सेन_नदीकाठी यांनी म्हटलेले दुसरे यश सामंतांच्या वाट्याला त्यांच्या हयातीत फारसे आले नाही. याचे एक कारण मला असे वाटते की त्यांची चित्रे पटकन ओळखता येईल अशा एका चिन्हात कधी बसली नाहीत. वाळू, कागदाचे कातरकाम, तारा, प्राचीन भित्तिचित्रांचे संस्कार असे सतत काहीतरी नवे त्यांत येत राहिले. चित्रकाराचा हा गुण त्याच्या विक्रीच्या आड येतो.

सर, व्याख्यानासाठी एक व्यावहारिक सूचना. रझांची चार चित्रे पडद्यावर एकत्र ठेवावीत: १९४० च्या दशकातले मुंबईचे एक जलरंगचित्र, १९५१ चे ‘ओ द कान्य’, १९५६ च्या सुमाराचे जाड तैलरंगातले एखादे गाव, आणि ‘सौराष्ट्र’. त्यांच्या खाली फक्त वर्ष आणि शहर लिहावे, नाव लिहू नये, आणि ही एकाच चित्रकाराची आहेत का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. ए.टी.डी.च्या मुलांना शक्य असेल तर मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात न्यावे; जाड रंगाचा थर पडद्यावर कळत नाही. जाण्यापूर्वी तेथे सध्या कोणते प्रदर्शन लावले आहे याची चौकशी मात्र करून घ्यावी, कारण संग्रहातली चित्रे कायम भिंतीवर असतातच असे नाही.

मिरजकर_कलाशिक्षक

चार चित्रांची कल्पना उत्तम आहे. तिला मी सूझांचे एक आणि बाकरे यांचे एक काम जोडणार आहे. बाकरे यांच्या शिल्पांची चांगली छायाचित्रे कोणाकडे असल्यास कृपया येथे कळवावे. ५३ अ कलमाची माहिती मी वेगळ्या तासाला सांगेन, कारण त्यावर मुले प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाहीत.